काकूंचे गुडघे

“वाळवंटातला नको,” कंट्रोलर म्हणाले. “तिथे वाळूची वादळं होतात.”

तिकिटं काढून देणाऱ्या मुलीने निमूटपणे पडद्यावरची ती ओळ सोडली आणि खालची दाखवली. “मग हा बघा काका, उत्तरेकडचा. विमानतळ आटोपशीर आहे. थांबाही फार नाही.”

“बर्फ पडतो तिथे. विमानं अडकून बसतात.”

“आत्ता उन्हाळा आहे काका.”

“उन्हाळ्याचा काय भरवसा?”

शेजारच्या खुर्चीत बायको खुदकन हसली. भीतीचं एक बरं असतं, तिला कारण कुठलंही चालतं. याआधीचा विमानतळ फार मोठा ठरला होता, त्याच्या आधीचा फार गजबजलेला. एका ठिकाणी तर विमान बदलायला म्हणे आतल्या आत आगगाडी धरावी लागे. त्याचं नाव कंट्रोलरांनी पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं. लेक राहायची तिकडे थेट विमान जातच नव्हतं, आणि जाणं तर भाग होतं. लेकीचे दिवस भरत आले होते, जावई बोटीवर. फोनवर ती रोज एकच विचारायची, “बाबा, तिकीट काढलं का?”

आता उभी हयात ज्याने बसच्या डेपोत काढली, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते माइकवरून ओरडून सांगितलं, चुकल्यामाकल्यांना दंडाला धरून वाटेला लावलं, त्या माणसाला एक विमान बदलायचं म्हटल्यावर घाम फुटावा? निवृत्तीनंतरही लोक त्यांना कंट्रोलरच म्हणत. त्यांनाही ते आवडे. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात ते केस कापायला गेले. दुकान कोपऱ्यावरचं, दोन दारांचं. एका दाराने आत गेले, दुसऱ्याने बाहेर पडले, आणि रस्ता परका झाला. होता तोच. तेच चपलांचं दुकान, तीच शाळेची भिंत. पण यातलं काय कुणीकडे आणि घर कुणीकडे, ते डोक्यातून कुणी ओल्या फडक्याने पुसून नेल्यासारखं. मानेवर बारीक केस टोचत होते आणि कंट्रोलर भिंतीला हात लावून उभे होते. विचारणार कुणाला? आणि विचारणार काय, की मी राहतो कुठे? शेवटी शाळा सुटली. घंटा झाली, आणि तिच्या आवाजासरशी रस्ता पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

घरी त्यांनी सांगितलं, “न्हाव्याकडे ही गर्दी!” बायको “हो का?” म्हणाली आणि जेवण पुन्हा गरम करायला उठली. प्रकरण मिटलं.

तिला तेव्हापासून गावभर भटकायचा नाद लागला होता, ते वेगळं. कंट्रोलर बँकेत निघाले की हिला नेमकी दोऱ्याची रिळं हवी असत. ते औषधांच्या दुकानात निघाले की हिलाही पाय मोकळे करायचे असत. म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ लागतं! बरं, यायचं तर शेजारून यावं, तेही नाही. हातभर मागून. पुढे जायची ती फक्त जिन्यात. आता या ऑफिसात येतानाही लिफ्ट बंद, तर सगळे मजले तुरुतुरु चढून ही आधी वर, आणि कठड्यावरून वाकून वर यांनाच ऐकवते, “अहो कंट्रोलर, तुमची गाडी लेट आहे!”

रस्त्यावर मात्र जन्मभर ती मागूनच चालत आली होती. वाट शोधायचं काम यांचं. आणि खरी भीती तीच होती. परक्या विमानतळावर हे भलतीकडे वळले, तर तीही मुकाट भलतीकडे वळणार. तिथल्या स्वच्छतागृहालाही दोन दारं असतील. हे नको त्या दाराने बाहेर पडतील, आणि ती पर्स छातीशी धरून दुसऱ्या दाराशी उभी राहील. तिला तिथली भाषा येत नाही. विमान निघून जाईल. तिकडे लेक कळा सोसत दाराकडे बघत असेल.

“असं करू,” कंट्रोलर म्हणाले, “हिला एकटीला पाठवू. मला विमान सोसणार नाही.”

तिकिटवाली मुलगी काकूंकडे बघू लागली.

“हे नाहीत तर मीही नाही,” बायको म्हणाली. आता ती हसत नव्हती. “काय गं, विमानतळावर ती ढकलायची खुर्ची असते ना?”

“व्हीलचेअर? असते की. एका विमानाच्या दारातून घेतात आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतात. ढकलायला त्यांचा माणूस असतो.”

“आणि बरोबरच्या माणसाचं काय?”

“तो शेजारून चालतो.”

“मग मला एक सांगून ठेव. माझे गुडघे गेलेत. आणि हे खुर्चीचा दांडा धरून चालतील. काय हो, धराल ना? सोडायचा नाही हं. मला भीती वाटते. आता तो वाळवंटातला घे, नाही तर बर्फातला घे.”

कंट्रोलर तिच्या पायांकडे बघत राहिले.

मुलीची बोटं कळफलकावर थांबली. “काकू, त्रास कधीपासून आहे ते भरावं लागतं. गुडघे कधीपासून दुखतायत?”

बायकोने हात लांब केला आणि कंट्रोलरांच्या कॉलरवरून, तिथे काहीच नव्हतं तरी, काहीतरी हलकेच झटकलं.

“गेल्या महिन्यात हे केस कापायला गेले होते ना,” ती म्हणाली, “त्या दिवसापासून.”