हरकत नाही

"ताई, तुम्ही तिन्ही बैठकांना होतात," अनीश कारखानीस शांतपणे म्हणाले. "इतिवृत्तात तुमचा विरोध कुठेच नाही."

"मी विरोध केला होता," अस्मिता म्हणाली. "तुमच्यासमोर बसून केला होता."

"तोंडी."

अस्मिताच्या हातात नव्या अनुदान योजनेचा जीआर होता. छोट्या सेवा संस्थांना सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानात सुधारणा करायची म्हणून वर्षभरापूर्वी एक समिती नेमली होती. कारखानीस तिचे सचिव. जीआरप्रमाणे आता अनुदान मिळणार होतं ते स्वतःची इमारत असलेल्या, पदवीधर कर्मचारी ठेवणाऱ्या आणि किमान तीन शहरांत काम करणाऱ्या संस्थेला. अस्मिता गेली एकवीस वर्षं अंबरनाथच्या बुवापाड्यात पाळणाघर चालवत होती. एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बायका सकाळी सातला आपली पोरं तिच्याकडे सोडायच्या. जागा भाड्याची. कर्मचारी म्हणजे ती स्वतः आणि वस्तीतल्या दोन बायका, त्यातली एक सातवी शिकलेली. शेवटच्या पानावर ‘सर्वानुमते शिफारस’ असं लिहून खाली सदस्यांची नावं दिली होती. चौथं नाव तिचं होतं.

हेच कारखानीस वर्षापूर्वी पाळणाघर बघायला आले होते. बूट दाराशी काढून सतरंजीवर बसले. पोरांबरोबर खिचडी खाल्ली, वर थोडी मागून घेतली. जाताना म्हणाले, "नियम तुमच्यासारख्या माणसांनी लिहायला हवेत. समितीवर याल?" एकवीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

मग अस्मिता पंधरा दिवस उन्हातान्हात फिरली. उल्हासनगरमध्ये कर्णबधिर मुलांचा वर्ग चालवणारे सुजित सर, कुळगावात नवऱ्याने टाकलेल्या बायकांना सल्ला देणारी संध्या, सोनिवलीत म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण आणि औषधपाणी देणाऱ्या बनूबाई. अशा चौदा संस्था. प्रत्येकाला तिने विचारलं, तुम्हाला काय हवं? आणि प्रत्येकाला सांगितलं, "या वेळी ऐकणारा माणूस बसलाय. माझ्यावर सोडा."

समितीत तिने सगळं मांडलं. पैसे वेळेवर द्या. तपासणीला याल तेव्हा कागद बघा, पण माणसंही बघा. इमारतीची अट घालू नका, आम्ही सगळे भाड्याच्या जागेत आहोत. कारखानीस मान डोलवत लिहून घेत होते. तिसऱ्या बैठकीनंतर एक कागद सगळ्यांपुढे फिरला. "उपस्थितीचा आहे," ते म्हणाले. तिने सही केली. "मसुदा आधी सदस्यांना दाखवतो, मगच पुढे," असंही ते म्हणाले होते. ती वाट बघत राहिली.

"मसुदा दाखवणार होतात," आता तिने विचारलं.

"वेबसाइटवर होता. महिनाभर. जाहीर हरकती मागवल्या होत्या." त्यांनी फाइल तिच्याकडे वळवली. "तुमच्या चौदा संस्थांपैकी एकाचीही हरकत आली नाही ताई. एक जरी आली असती तरी मला पुन्हा बैठक लावावी लागली असती."

अस्मिता जिना उतरली. कारखानीसांवरचा राग जिन्यातच मागे पडला. ते सरकारी माणूस, त्यांनी त्यांचं काम केलं. पण आपली माणसं? तिने मसुदा शोधला नाही, कारण तिला शब्द दिला होता. बाकीच्यांना कुणी शब्द दिला होता? चौदा जणांत एकालाही दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत? बनूबाईंच्या संस्थेची नोंदणी तिने रांगेत उभं राहून करून दिली होती. संध्याचे अर्ज दरवर्षी तीच भरायची. समितीवर गेली म्हणून कुणाच्या पोटात दुखलं असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

ती घरी गेली नाही. बदलापूरला उतरून रिक्षा केली आणि थेट सोनिवली गाठली.

जेवणं उरकली होती. दोन म्हातारे भिंतीला टेकून पेंगत होते. बनूबाई पातेलं घासत होत्या. तिला बघून त्यांनी हात धुतले. "जेवलीस का बाय?"

अस्मिता बसली नाही. "अनुदान बंद झालं. तुमचंही, माझंही."

"कललं."

"तो कागद महिनाभर लोकांसमोर होता. बनूबाई, मी तुमच्यासाठी दारोदार फिरले. त्यांनी मला फसवलं ते एक वेळ ठीक आहे. पण तुम्ही सगळे गप्प का बसलात? एक हरकत पुरली असती. एक."

बनूबाईंनी पदराला हात पुसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच अस्मिताला जड गेलं.

"गप नाय बसलो ग. सुजित सर तो कागद घेऊन आले. आमी चौदाही जण इथंच बसलो, दोन दिवस. हरकत लिवली, सगल्यांनी सह्या केल्या. पाकीट पण चिकटवलं. मग संध्याला त्या सरकारी कागदावर, सगल्यांना मान्य असं लिवलेलं त्याच्या खाली, तुजं नाव दिसलं. म्हटलं, अस्मितानं मान्य केलंय म्हंजे आपल्यालाच नीट समजलं नसंल. तवा ते पाकीट फाडून टाकलं."