नट्टापट्टा
बायकोची तेरवी उरकली, पाहुणे आसगावातून आपापल्या गावी गेले, तरी टेकचंदला अजून रडू आलं नव्हतं. आतून थोरली बहीण रुखमा ओरडली, "अवो माय! काहून फासली थे लाली? लहान पोरीनं नट्टापट्टा करू नाही!" पाच वर्षांची दामिनी आरशापुढे बसली होती, ओठांवर आईची लिपस्टिक, कपाळभर कुंकू. "खेळू दे न बाई, लेकरूच तं आहे," तो आत येत म्हणाला आणि त्यानं लिपस्टिक उचलून घेतली. सवाष्ण गेली म्हणून बायकोला नवरीसारखं सजवताना रुखमानंच ती तिच्या ओठांवर फिरवली होती. तेव्हा दामिनी दाराशीच होती. आता ती उठली, चादर अंथरून सरळ आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. "बाबा, मी सजली. चौघाइले बलाव न, मलेबी आईकड न्यायले." टेकचंद लिपस्टिकचं टोपण लावत राहिला. ते काही केल्या बसेना.