डब्यातले लाडू

सुलोचनाबाईच्या बचत गटानं गावातली सगळी मोहफुलं लाडवांसाठी विकत घेतली आणि तिच्या नवऱ्याच्या, बकारामच्या घशाला कोरड पडली. गावात हातभट्टीचा थेंब उरला नाही. शेवटी आज दुपारी त्यानं बायकोच्या डब्यातले अकरा लाडू गुपचूप हाणले. मोह तो मोहच. गाळला काय, वळला काय! संध्याकाळी तो झोकांड्या खात, गाणं म्हणत अंगणात आला आणि मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला.

"डब्यातले लाडू तुमीच खाल्ले ना जी?" सुलोचनाबाईनं विचारलं.

"मीच खाल्लो! जाम चढून राहिली!"

"मोहाचे तं सकाळीच गोंदियाच्या बजारात विकाले गेले. ते जवसाचे होते."

बकारामनं खांब सोडला नाही. एवढी चढलेली, एका वाक्यात उतरवायची कशी?