शोभेचा फॉन्ट

“मॅडम, नोट्स आपल्या नेहमीच्या मराठी फॉन्टमध्येच करून घ्या. तपासणीला येणाऱ्या समितीसमोर दिसायला छान दिसल्या पाहिजेत,” प्राचार्यांनी बजावलं होतं. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात यंदा ‘डिजिटल सुलभता’ हा नवा विषय आलाय, तो मी शिकवते. मी हळूच “पण सर” म्हटलं, ते कुणाच्या कानावर गेलं नाही. माझ्या हस्तलिखितावरून ऑफिसने नोट्स टाइप केल्या. अक्षर अगदी मोत्यांसारखं.

समितीसमोर माझ्या वर्गातल्या दीक्षाला बोलावलं. तिला दिसत नाही, फोन तिला वाचून दाखवतो. या विषयाच्या नोट्स तरी तू कुणाच्या मदतीशिवाय वाचशील, असा शब्द मी तिला दिला होता, आणि परीक्षा तोंडावर आली होती. पण त्या जुन्या फॉन्टमधलं मराठी फक्त डोळ्यांपुरतं असतं. फोनला कळतात ती त्यामागची इंग्रजी अक्षरं. नोट्सची फाइल उघडताच तो वाचू लागला, “एफ, के, स्लॅश, कंस सुरू…”

“अगं, फोन बिघडलाय का तुझा?” प्राचार्य हसले.

“नाही सर. जे लिहिलंय तेच वाचतोय तो.”

“मग एखादी मैत्रीण बघ ना वाचून दाखवायला! सुलभता म्हणजे तरी दुसरं काय?”

समितीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारच्या उपासाला उलट बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. मी मान डोलावली, स्टाफरूममध्ये येऊन देवाला हात जोडले आणि त्याच नोट्सचा पहिला धडा फोनला वाचता येईल असा नव्याने टाइप करायला घेतला :



‘नोट्स जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करू नयेत.’