पंधरावा सोमवार

दहा वाजून गेले तरी वैनगंगेवरचं धुकं कॉलेजच्या ऑफिसात तरंगत होतं. वीज गेलेली. ऑफिसच्या कारकून मनकर्णाबाई खिडकीपाशी प्रवेशाचं रजिस्टर उघडून बसल्या होत्या. टेबलापलीकडे उभी असलेली रंजीता इतकं हळू बोलत होती की तिचे शब्दही धुक्यासारखे येत होते आणि विरत होते.

"पहिली खोली सोडली बाई. हा नवा पत्ता." तिनं कागदाचा चिटोरा पुढे केला. "घरचे माघात लग्न लावून राह्यले माझं. ज्याच्याशी लावते, त्याची पहिली बायको आहे घरी. कोणी आलं तर सांगू नोका. मी इथी आहो हेही नाई."

मनकर्णाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे सोळा सोमवार चालू होते, आणि दर सोमवारी दुपारी बारापर्यंत मौन. आजचा पंधरावा. पुढच्या सोमवारी मार्कंड्याला महादेवावर बेल वाहिला, की व्रत पुरं. त्यांनी जुना पत्ता खोडला आणि शेवटच्या कोऱ्या पानावर, नाव न घालता, शाईच्या पेनानं बारीक अक्षरात नवा लिहिला. चिटोरा फाडला, तुकडे रंजीताच्याच मुठीत ठेवले आणि मूठ मिटून दिली. ती मागच्या दारानं वर्गाकडे गेली.

ओलसर हवेत शाई वाळत नव्हती. बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. ओळ जराशी हलल्यासारखी वाटली, पाण्यातल्या सावलीसारखी.

बाहेर जीप थांबली. इंजिन चालूच राहिलं. शिपाई पोचू एका माणसाला घेऊन आत आला. पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, चेहरा शांत.

"राम राम बाई. मी लटारू. रंजीताचा काका." तो टेबलावर वाकला. "तिची माय लय बिमार आहे जी. पोट्टी इथीच शिकते म्हणून समजलं."

रजिस्टर मिटायलाही वेळ नव्हता. मनकर्णाबाईंनी तळहात त्या ओळीवर ठेवला.

"बाईचं मौन आहे भाऊ, बारा वाजेपर्यंत," पोचू म्हणाला. "पण काम अडत नाई. तुम्ही नुसतं विचारा. नाई असन तर बाई मान हलवते. गप राह्यली म्हंजे हो समजा. आमचे प्राचार्य साहेबही सोमवारी बाईले असंच विचारते."

"हे बेस आहे," लटारू हसला. "मंग विचारतो. रंजीता इथी शिकते?"

खिडकीबाहेर सागाच्या पानावरून एक थेंब खालच्या पानावर पडला, तिथून आणखी खाली. मान हलवली तर खोटं, तेही महादेवाच्या वारी. न हलवली तर हो. बाईंना वाटलं, आपण नदीच्या मधोमध वाळूवर बसलो आहोत, दोन्हीकडून पाणी चाललं आहे, आणि दूर कुठेतरी देवळातली घंटा कोणी वाजवता वाजवता हातात धरून ठेवली आहे. तळहाताखाली शाई गार लागत होती.

"झालं," पोचू खुशीत म्हणाला. "बाई गप आहे, म्हंजे..."

"इथी कोण आहे, कोण नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या, "हे आम्ही कोणालेच सांगत नाई, भाऊ. ज्याचं त्याले विचारल्याबिगर मायबापालेही नाई."

सकाळपासून न वापरलेला आवाज होता. थोडा फाटला, पण पोचला. पोचूचं तोंड उघडंच राहिलं.

"हा नियम कुठी लिहिला आहे बाई?"

"लिहिला नाई."

"आन् त्याच्यासाठी देवाचं मौन मोडलं?" लटारूनं हळहळल्यासारखी मान हलवली. "एका पत्त्यासाठी?"

बाईंनी दुसऱ्या हातानं कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. "चिठ्ठी लिहून ठेवा. मायले काय झालं, कोणत्या दवाखान्यात आहे. लिहिता येत नसन तर हा पोचू लिहून देईन. या नावाची पोरगी असन तर पोचन. नसन तर तशीच परत न्या."

लटारूनं कागदाकडे पाहिलं. मग खिडकीतून जीपकडे. आत दोघं बसले होते, त्यांच्या मधली जागा रिकामी होती.

"चिठ्ठीनं का होते बाई," तो म्हणाला. "गाडी आणली आहे."

त्यानं पंचा सारखा केला आणि जाता जाता हात जोडले. "येतो जी."

जोडलेल्या हातांना हात जोडायचे, एवढंच बाईंना ठाऊक होतं. त्यांनी रजिस्टरावरचा हात उचलला आणि नमस्कार केला. लटारू झटकन पुढे वाकला. पानावर ओळीच्या जागी नुसता निळा डाग होता, धुकं उतरल्यासारखा. तो डाग त्यानं नीट पाहिला, बाईंचे जोडलेले हात पाहिले, आणि निघून गेला. जीपचा आवाज बराच वेळ झाडांमधून येत राहिला.

पोचू भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होता. साडेअकराही झाले नव्हते.

"माझ्यानं चुकलं बाई," तो म्हणाला. "पंधरावा होता न? आता?"

"आता पहिला."

त्यांनी हात सोडले. उजव्या तळव्यावर सगळा पत्ता उमटला होता, घरमालकाच्या नावासकट. अक्षरं उलटी होती. हाताच्या आत बसून कोणी पाहिलं असतं, तर त्यालाच ती वाचता आली असती.