सातवीच्या रोबोचा सत्कार

राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या शाळेत सातवीच्या पोरांनी वर्षभर खपून चाकांवर पळणारा रोबो बनवला. कोडिंग त्यांच्यातल्या निकिताचं: समोर काही आलं की थांबायचं आणि मागं सरायचं. उद्घाटनाला बोलावलं होतं गावच्या सरपंचांना, म्हणजे अप्पांना. अप्पांची ख्याती अशी, की हार पिशवीतून निघायच्या आधीच त्यांची मान वाकलेली असायची.

"पहिला मान पोरांच्या यंत्राला!" म्हणत अप्पा झेंडूचा हार घेऊन खाली वाकले. रोबो मागं सरला. अप्पा पुढं, रोबो मागं, असं करत दोघं पार व्हरांड्यात पोचले. रोबोटिक्स शिकवणाऱ्या दया मॅडमनी तर डोळेच मिटून घेतले. आता अप्पा चिडणार आणि रोबोटिक्सच्या वर्गाला दिलेली ग्रामपंचायतीची खोली जाणार, हे त्यांनी मनोमन गृहीतच धरून टाकलं.

पण अप्पा कमरेवर हात ठेवून गदागदा हसले. "मॅडम, लई गुणाचं लेकरू हाय हे! हाराला न्हाई म्हनतंय. आमच्यात असं एक बी न्हाई निघालं."

मग मॅडम अप्पांच्या सत्काराचा हार घेऊन पुढे आल्या. अप्पांनी सवयीनं मान वाकवली, रोबोकडे एकदा पाहिलं, आणि चक्क एक पाऊल मागं घेतलं.



निकिता घाईघाईनं मॅडमच्या कानाशी लागली, "मॅडम, अप्पांचं कोडिंग मी न्हाई केलं हां!"