तेव्हाची फुली

डॉक्टर युदेल्का मोटारसायकलवरून उतरली तेव्हा पाळी एर्सिलिओची होती. दानिल्दाच्या दुकानासमोर, बदामाच्या सावलीत, डोमिनोचा डाव ऐन रंगात आला होता. एर्सिलिओने सोंगटी टेबलावर घातलेल्या चादरीवर हळूच ठेवली.

"काका, तुम्ही दवाखान्यात आला नाहीत, म्हणून मीच आले. शेवटची फुली राहिलीय."

"आलो असतो हो. पण जिंकत होतो ना."

"हा? जिंकत होता?" तावितो म्हणाला. तावितो त्याचा डावातला जोडीदार. एके काळी दोघे एकाच बसवर होते, एर्सिलिओ चालक आणि तावितो वाहक. समोरचे दोघे गडी खो खो हसले.

युदेल्काने पिशवीतून कागद काढला. त्यावर एक आडवी रेघ होती. डावं टोक म्हणजे काहीच दुखत नाही, उजवं टोक म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. संधिवातावर नवं औषध आलं होतं आणि त्याने रोग्याला किती फरक पडतो ते मोजायचं काम तिच्याकडे होतं. सूज डॉक्टर मोजत, रक्त प्रयोगशाळेत जाई. पण या अभ्यासाचा निकाल रोग्याच्या स्वतःच्या फुलीवर ठरायचा होता.

एर्सिलिओने डाव्या टोकाशी झोकात फुली मारली. ती खरीही होती. कित्येक महिन्यांत त्याचे हात असे हलके झाले नव्हते.

युदेल्काने दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. "ही पहिल्या दिवशीची."

तीही डाव्या टोकाशीच होती.

"मग? मी रडगाणं गाणारा माणूस नाही."

नव्हताच. त्या दिवशी त्याची बोटं सुजून हिरव्या केळ्यांसारखी झाली होती, आणि तरी लेकीच्या वयाच्या डॉक्टरसमोर 'दुखतं' म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची मूठ तर मिटतच नव्हती, तरी त्याने ती झाकली.

"म्हणजे औषधाने याला काहीच फरक पडला नाही?" समोरच्या गड्याने विचारलं.

"कागदावर तरी नाही."

"मग औषध बंद?"

"ज्यांना फरक पडला, त्यांना पुढेही मिळेल. बाकीच्यांचं..." युदेल्काने जीभ चावली. "मी हे बोलायला नको होतं. काका, आता एकच प्रश्न आहे, तो मी सगळ्यांनाच विचारते. आज मागे वळून पाहिलंत, तर औषधाच्या आधी तुम्ही या रेघेवर कुठे होतात? जे खरं असेल, तिथेच फुली करा."

एर्सिलिओने पेन घेतलं. औषध थांबलं की काय होणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बोटं मिटत नसलेल्या त्या सकाळी परत येणार होत्या. त्यांची त्याला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला अंधाराची वाटते तशी. पण इथे, या तिघांसमोर?

"उद्या दवाखान्यात येऊन करतो."

"आज सगळ्या नोंदी बंद होताहेत, काका."

दुकानातल्या रेडिओवर कुणीतरी प्रेमभंगाचं गाणं गात होता. एर्सिलिओने कुणाकडेही न बघता पेन डाव्या टोकाकडे नेलं.

"थांब रे, बाबा." तावितोने त्याचं मनगट धरलं. "ही चादर इथे का घातलीय, माहितीये तुला?"

"फळी तडकलीय म्हणून. तूच तर सांगितलंस."

तावितोने समोरच्यांकडे पाहिलं. त्यांनी आपापल्या सोंगट्या मुकाट्याने हातात घेतल्या. मग तावितोने मांडलेला डाव बाजूला सारला आणि चादरीचं टोक धरून ती ओढून काढली.

फळी सलग होती. चिरेचा मागमूसही नव्हता.

एर्सिलिओने फळीवरून हात फिरवला. चादर कधी आली ते त्याला आठवत होतं. सगळ्यांसारखी सोंगटी दणकन आपटणं त्याला जमेनासं झालं आणि तो ती गुपचूप ठेवू लागला, त्याच सुमाराला. चादरीवर कुणाचीच सोंगटी वाजत नव्हती, त्यामुळे याची वाजत नाही हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. निदान त्याला तसं वाटत आलं होतं.

"दानिल्दानेच दिली," तावितो म्हणाला. "स्वतःच्या पलंगावरची."

एर्सिलिओला आधी लाज वाटली. मग त्याने कागद पुढ्यात ओढला. पेन सरळ उजवीकडे नेलं आणि टोकाशी फुली मारली. इतकी जोरात, की कागद फाटता फाटता राहिला.

"नक्की ना, काका?"

"नक्की. माझ्या शर्टाची बटणं बायको लावायची, डॉक्टर. लिहून घ्या." हे तो मोठ्याने म्हणाला, तिघांनाही ऐकू जाईल असं.

"माझी अजून लावते," तावितो म्हणाला. "मला तर कुठलाच रोग नाही."

युदेल्काने कागद पिशवीत ठेवले, पण ती गेली नाही. पालथी बादली ओढून ती डाव बघायला बसली. सोंगट्या पुन्हा कालवल्या गेल्या, वाटल्या गेल्या.

एर्सिलिओची पाळी आली. त्याने सोंगटी चिमटीत धरली, हात खांद्याच्याही वर नेला आणि उघड्या फळीवर आपटली. झाडावरची पाखरं उडाली. बिअरची बाटली कलंडता कलंडता तावितोने धरली.

"अरे मेल्यांनो, टेबल फोडता का माझं!" दुकानातून दानिल्दा ओरडली.

मग आत रेडिओ बंद झाला. अ‍ॅप्रनला हात पुसत ती धावतच दाराशी आली.

"कुणी आपटली?"